उजेड ऐकणारी डबी

गौतमचा फोन आला तेव्हा मी शेंगा भाजत होते. "बाई, अक्का गेली," एवढंच तो म्हणाला. मग पलीकडून नुसता टक् असा आवाज आला. थोड्या वेळानं पुन्हा एकदा टक्. रतनची डबी त्याच्या हातात आहे, हे मला त्या आवाजावरूनच कळलं. शेंगा करपल्या, धूर झाला, तरी मी फोन धरून उभीच. रतन म्हणजे प्राध्यापिका रत्नमाला. गौतम तिचा धाकटा भाऊ. तेव्हाच्या उस्मानाबादेत एका कॉलेजात ती पदार्थविज्ञान शिकवायची आणि मी रसायनशास्त्र, मधे एक भिंत. भिंत पुढं संस्थेनं जाडजूड केली, पण आमचं सूत तुटलं नाही. ती वर्षभर आजारी होती, आज ना उद्या हा फोन येणार हे ठाऊक होतं. तरी आला तेव्हा पहिल्यांदा रडू आलं नाही, राग आला.

तो राग अजून गेलेला नाही आणि घालवायचा माझा विचारही नाही. गेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये अशी आपल्याकडं रीत आहे. ती मी पाळणार आहे. जिवंत माणसांविषयी अशी काही रीत असल्याचं माझ्या ऐकिवात नाही. शोकसभा संपल्यावर एकदोन जुन्या सहकाऱ्यांनी मला बाजूला घेऊन समजावलं, "बाई, झालं गेलं गंगेला मिळालं." अहो, आपल्या जिल्ह्यात गंगा आहे कुठं? आहे ती तेरणा, आणि मी सांगतेय त्या वर्षी तीही आटलेली होती. त्यामुळं कशालाच काही मिळालेलं नाही, सगळं जागच्या जागी पडून आहे. ज्यांच्याविषयी लिहायचंय त्यांचं नाव छापायला संपादक राजी नाहीत. मी त्यांना नुसतं 'सर' म्हणेन. वर्तमानपत्राची ही पुरवणी त्यांच्या घरी येते.

रतन भूमच्या बाजूची. गावाचं नाव लिहीत नाही, गावाचा यात दोष नाही. गावाबाहेर भीमनगर, तिथं तिचं घर. ती दीक्षेच्या आधी जन्मलेली म्हणून रत्नमाला आणि भाऊ नंतरचा म्हणून गौतम, असं ती हसून सांगायची. बाहत्तरच्या दुष्काळात ती औरंगाबादला वसतिगृहात राहून एम.एस्सी. करत होती आणि वडील खडी फोडायच्या कामावर होते. सुट्टीत आली की तीही त्यांच्या शेजारी हातोडा घेऊन बसायची. वडिलांना तंबाखूची सवय. कनवटीची पितळी डबी काढायची, नखाच्या टोकावर चुना घ्यायचा आणि झाकण दाबून लावायचं. "सगळीकडनं हातोडे चालले असले तरी आण्णांचं ते टक् मला येगळं ऐकू यायचं," ती म्हणायची. तिचा कानच तसा होता. बोलणं मात्र मोजकं. स्टाफरूममध्ये आठवडाभरात तिला 'घुमी' हे नाव पडलं. मी त्याच्या उलट, माझं तोंड मुरूमच्या बाजारापर्यंत ऐकू जाणारं. माहेर मुरूमचं म्हणून ती मला मुरूमकरीण म्हणायची. "मुरूमकरणी, मुरमासारखी टोचत जाऊ नको गं सगळ्यांना," असं वर ऐकवायची, आणि मी कुणाला टोचून आले की पदराआड हसायची.

ती सरांकडं पीएच.डी.ला नोंदलेली होती. सर तिचे विभागप्रमुख. विषय अर्धवाहकांचा. म्हणजे असे पदार्थ की जे धड तांब्यासारखी वीज वाहू देत नाहीत आणि धड काचेसारखी अडवतही नाहीत. उजेड पडला की मात्र त्यांच्या अंगात वारं येतं. अशा पदार्थाची परीक्षा करायची तर मोठमोठी यंत्रं लागतात, आणि आमच्या प्रयोगशाळेत चालू स्थितीतला पाण्याचा नळसुद्धा धड नव्हता. रतननं औरंगाबादच्या ग्रंथालयात बसून एक पद्धत वाचून काढली होती. परदेशात तेव्हा तिची नव्यानं चर्चा सुरू होती. उजेड तोडून तोडून, म्हणजे चालू-बंद, चालू-बंद असा पदार्थावर टाकायचा. पदार्थ उजेड पितो आणि तापतो, उजेड थांबला की निवतो. तो बंद डबीत असला तर आतली हवाही त्याच तालावर फुगते आणि आकसते, आणि हवा हलली म्हणजे आवाज झालाच. तो मायक्रोफोननं ऐकायचा. कुठल्या रंगाच्या उजेडाला आवाज येतो आणि कुठल्या रंगाला येत नाही, त्यावरून पदार्थाचं पोट कळतं. मला हे तिनं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "म्हणजे उजेडाची नाडी बघायची." ती म्हणाली, "उजेडाची न्हाय, उजेड पिणाऱ्याची."

टेबलफॅनची पाती काढून तिथं तिनं दात कापलेली पत्र्याची चकती बसवली, ती फिरली की उजेड तुटायचा. दिवा तंबूतल्या सिनेमावाल्याकडून आणला, रंगीत कागद गॅदरिंगच्या नाटकातले, मायक्रोफोन जुन्या श्रवणयंत्रातला. राहिली बंद डबी. ती लहान हवी, घट्ट झाकणाची हवी आणि धातूची हवी. वडील तेव्हा नुकतेच वारले होते. एके दिवशी तिनं पिशवीतून त्यांची चुन्याची डबी काढून टेबलावर ठेवली आणि झाकणाला गोल भोक पाडायला घेतलं. भोकाला काच बसवली, कडेला मेण लावलं. पण दिवा बंद असतानाही डबीतून खरखर यायची. तीन-चार दिवस ती मायक्रोफोन बदलत होती, वायरी बदलत होती. शेवटी मी डबी उन्हात धरून पाहिली, तर बिजागरीच्या सांदीत वाळलेल्या चुन्याचा खडा. फॅन हलला की तो वाजायचा. "अगं, चिंच लाव आणि घासून टाक," मी म्हटलं. तो चुना वडिलांच्या बोटांनी भरलेला होता, हे माझ्या ध्यानात आलं नाही. मग तिनं टाचणीनं तो खडा अलगद काढला, पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवला आणि डबी चिंचेनं घासली. त्या दुपारी डबी पहिल्यांदा बोलली. मी काचपट्टीवर कॅडमियम सल्फाइडचा पातळ पिवळा थर चढवून दिला होता. बीकरात गरम पाण्यात काचपट्टी बुडवून ठेवायची आणि हळदीसारखा रंग चढला की काढायची, एवढंच माझं काम. तांबड्या उजेडाला थर ढिम्म. पिवळ्यालाही नाही. हिरवा सरून निळा लागला आणि कानातल्या यंत्रात भुंग्यासारखं सुरू झालं. आम्ही दोघी दार लावून नाचलो म्हटलं तर आज कुणाला खरं वाटणार नाही.

सरांनी हे सगळं दारातून पाहिलं आणि ते म्हणाले, "छान. आता आमच्या विभागाचं यंत्र आहे म्हणायला हरकत नाही." आमच्या! टेबलफॅनसुद्धा रतनच्या घरचा होता.

आता त्या दिवसांतल्या सहकाराविषयी सांगायला हवं. आमच्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष तेच साखर कारखान्याचे अध्यक्ष, तेच दूध संघाचे, तेच सूतगिरणीचे. ऊस, दूध, सूत, सगळं सहकारात येऊन गेलं होतं. राहिला होता तो एकटा सूर्य. ऐंशीनंतर पावसानं पुन्हा पाठ फिरवली, गावोगावी विहिरींचे तळ दिसू लागले आणि अध्यक्षसाहेबांनी जाहीर केलं की आता उन्हावर पंप चालणार. कुठून तरी सौरपट्ट्यांच्या पेट्या आल्या. कुठून आल्या ते कुणी विचारलं नाही, आणणारे अध्यक्षांचे जावई होते. पहिला पंप बसवायला गाव निवडलं ते नेमकं रतनचं आणि विहीर भीमनगरची. रतनला तेव्हा खरंच आनंद झाला होता. तिच्या आईला पाण्यासाठी गावातल्या विहिरीवर ताटकळावं लागायचं ते टळणार होतं. पट्ट्या तपासून द्यायचं काम संस्थेनं आमच्या कॉलेजला दिलं. म्हणजे सरांना. रतन त्या आठवड्यात परीक्षेच्या कामावर मुरूमला गेली होती. तिची वाट पाहायची सोडून सरांनी स्वतःच एका पट्टीतला तुकडा काढला, डबीत घातला, फॅन लावला आणि ऐकलं.

उद्घाटनाला मी रतनसोबत भीमनगरात गेले होते. मांडव, हार, लाऊडस्पीकर. पंपाच्या टाकीची तोटी अध्यक्षांनी फिरवली आणि पाणी धो धो आलं. बाया हंडे घेऊन पळाल्या. आदल्या दिवशी टँकर येऊन टाकी भरून गेला होता, पण पहिल्या दिवसाची सोय असेल असं वस्तीतल्या लोकांना वाटलं. माणूस तहानलेला असला की फार शंका घेत नाही. मग सर भाषणाला उठले. "ह्या पट्ट्यांची आमच्या प्रयोगशाळेत शास्त्रीय तपासणी झालेली आहे. आमच्या यंत्रात ह्यांचा आवाज इतका मोठा आला, इतका मोठा आला, की कानठळ्या बसल्या!" टाळ्यांचा कडकडाट झाला. रतननं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. माझ्या कानाशी येऊन ती म्हणाली, "मुरूमकरणी, मेला गं पंप."

मला काहीच कळेना. परतीच्या एसटीत तिनं समजावलं. सौरपट्टीतला सेल म्हणजे अर्धवाहकच. त्याच्यावर उजेड पडला की त्यातला काही भाग विजेत जातो आणि उरलेला उष्णतेत. डबी ऐकते ती फक्त उष्णता. सेलच्या वायरी जोडून वीज बाहेर काढली की आत उष्णता कमी उरते, म्हणून आवाज बसायला हवा. बसला तर सेल खरा. नाही बसला, तर गिळलेला सगळा उजेड नुसताच तापण्यात चालला. "जो देतो तो गप ऱ्हातो. ज्याच्यात द्यायला काय न्हाय, तो बोंबलतो," ती म्हणाली. खऱ्या सेलना ती 'घुमे' म्हणायची, स्टाफरूमनं तिला दिलेलंच नाव, आणि मेलेल्यांना 'बोंबले'. सरांनी वायरी जोडल्याच नव्हत्या. आवाज मोठा म्हणजे माल चांगला, हा हिशोब आपल्याकडं लग्नाच्या बँडला लावतात, पुढाऱ्याला लावतात. त्यांनी तोच अर्धवाहकाला लावला. आणि वर माइकवरून सांगितलं. कानठळ्या बसल्या म्हणे!

टाकीतलं पाणी संपलं आणि पंप बसला तो बसलाच. गौतम तेव्हा विशीत होता. एसटीत कंडक्टर म्हणून त्याची निवड झाली होती, पोलिसांचा चांगल्या वर्तणुकीचा दाखला मिळाला की बिल्ला हातात पडणार होता. घरात पगार येणार होता तो पहिला रतनचा आणि दुसरा त्याचा. पोरगा तोंडानं मोकळा. तो पुन्हा पुन्हा संस्थेच्या कचेरीत जाऊन विचारायला लागला, "साहेब, उनाला काय कमी हाय व्हय आमच्याकडं? मग पानी का न्हाय?" हे झोंबलं. एका पट्टीची काच तडकली होती, तिच्यावर शेळी चढली होती म्हणून. तेवढं निमित्त पुरलं. वस्तीवरच्या पोरांनी दगड मारून पट्ट्या नासवल्या अशी तक्रार ठाण्यात गेली आणि त्यात पहिलं नाव गौतमचं. दाखला अडकला. गुन्हा दाखल झाला की बिल्ला गेला आणि नुसता बिल्ला नाही, वस्तीचं नावही गेलं. पुढं वर्षानुवर्षं लोकांनी म्हटलं असतं की यांना पाणी दिलं तर यांनी दगड मारले.

रतन सरांकडं गेली. मीही गेले, ती नको म्हणत असताना. तिनं एवढंच विचारलं, "सर, तुम्ही सेलच्या वायरी जोडून बघितल्या होत्या का?"

"वायरी कशाला?" सर म्हणाले. आणि मग... त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. त्या क्षणी त्यांना सगळं कळलं. माणूस मूर्ख नव्हता हो, तीच तर माझी तक्रार आहे. मूर्ख असते तर मी आज हे लिहिलं नसतं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि मऊ आवाजात म्हणाले, "रत्नमाला, तू मला मुलीसारखी. तुझा प्रबंध होत आलाय. त्याच्यावर सही माझी लागते. तू त्या वस्तीवरच्या भानगडीत पडू नकोस."

"सर, वस्तीवरचा तो माझा भाऊ हाय."

"म्हणूनच सांगतोय."

ती बाहेर आली. मी तोंडाला येईल ते बोलत होते. ती व्हरांड्यातून चालताना विभागाच्या काचेच्या कपाटापाशी थांबली. त्या कपाटात सरांनी उरलेल्या पट्ट्यांपैकी एक करकरीत पट्टी मांडून ठेवली होती, खाली 'परीक्षण' असं लिहून स्वतःचं नाव घातलं होतं. रतन तिच्याकडं बघत राहिली आणि मला म्हणाली, "प्रदर्शन कधी हाय गं आपलं?"

कॉलेजच्या विज्ञान प्रदर्शनाला अध्यक्षसाहेब दरवर्षी यायचे. फौजदारांची मुलगी आमच्याकडंच शिकायची म्हणून फौजदारही आले होते. बँकेचे मॅनेजर, तालुक्याचा वार्ताहर, पालक, पोरं, हॉल भरलेला. रतननं टेबलावर सगळा संसार मांडला होता: फॅन, चकती, दिवा, डबी. सोबत आवाज मोजायला वर्गात शिकवताना वापरतो तो ताटाएवढा मीटर, ज्याचा काटा शेवटच्या बाकावरून दिसतो. आवाज लाऊडस्पीकरला जोडलेला. दिवा लागला आणि हॉलभर घूंऽ सुरू झालं.

"बाई, काय घुमतंय हे?" अध्यक्षांनी कौतुकानं विचारलं.

"साहेब, उजेड पिऊन सेल तापतोय, त्याचा आवाज हाय. कानाला फरक कळायचा न्हाय, काट्याकडं बघा." तिनं बटण दाबून वायरी जोडल्या. काटा खाली आला. सोडलं, वर गेला. पुन्हा दाबलं, पुन्हा खाली. "ही वीज बाहेर चालली. म्हणून आत तापणं कमी झालं. हा सेल खरा." हा शिकवण्यासाठी कॉलेजनं पूर्वी घेतलेला सेल होता. तिनं तो काढला, चिमट्यानं दुसरा तुकडा डबीत ठेवला आणि झाकण लावलं. टक्. या वेळी घूं आधीपेक्षा मोठं आलं. काही पोरांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. तिनं बटण दाबलं. काटा जागच्या जागी. सोडलं, दाबलं, सोडलं. काटा ढिम्म. मग तिनं अध्यक्षांना म्हटलं, "साहेब, तुम्हीच दाबा." आणि त्यांनी दाबलं. सगळ्यांच्या देखत, स्वतःच्या अंगठ्यानं. काटा हलला नाही.

फौजदार पुढं आले. "म्हणजे दगड मारल्यावर असं होतं का, बाई?"

रतन इतकं सलग कधी बोलली नव्हती. "साहेब, दगड मारल्यावर काच फुटती. ही पट्टी वस्तीवरची न्हाय. ही सरांच्या कपाटातली हाय, कुलपातली. चावी माझ्याकडं विभागाची असती म्हणून आज सकाळी काढली. हिला दगड लागायचा म्हटलं तर सरांनीच मारायला पायजे." हॉलमध्ये कुणीतरी फसकन हसलं. ती मीच होते. मग सगळेच हसले. सर भिंतीला टेकून उभे होते, हातातला गुलाब त्यांनी कधी कुस्करला ते त्यांनाही कळलं नसावं. अध्यक्ष मुरलेले. त्यांनी क्षणभर सरांकडं पाहिलं, मग हसून म्हणाले, "विज्ञान म्हणजे विज्ञान," आणि पुढच्या टेबलाकडं वळले. तक्रार त्याच आठवड्यात मागं घेतली गेली. गौतमला बिल्ला मिळाला. पुढं भीमनगरच्या विहिरीवर विजेची साधी मोटारही बसली. जावयांना कुणी काही विचारलं नाही.

आणि रतनला? प्रबंधावर सही झाली नाही. सर म्हणाले, काम अपुरं आहे. दरवर्षी म्हणाले. मुदत संपेपर्यंत म्हणाले. तिची बदली संस्थेच्या भूमकडच्या शाळेवर झाली आणि तिथं तिनं नववी-दहावीला आरसे आणि भिंगं शिकवली. ज्या हातांनी उजेडाला बोलतं केलं, त्या हातांनी ती प्रगतिपुस्तकं भरत बसली. तिच्या टेबलावरचा संसार भंगारात गेला. डबी तेवढी ती जेवणाच्या पिशवीतून घेऊन गेली होती. सर प्राचार्य झाले, त्यांचा सत्कार झाला, गौरवग्रंथ निघाला. त्यात आहे म्हणे, ग्रामीण भागात प्रकाश-ध्वनी संशोधनाचा पाया त्यांनी घातला. त्या बाबतीत मी त्यांना कधी माफ करणार नाही आणि वाचकांनी मला तसा उपदेश करणारी पत्रं पाठवू नयेत.

रतनला लोक सोशिक म्हणतात. शोकसभेतही म्हणाले. ती सोशिक बिशिक काही नव्हती. सरांचं भाषण जिथं असेल तिथं, लग्न असो, स्नेहसंमेलन असो, ती भूमहून एसटी पकडून यायची, मला घरून उचलायची आणि आम्ही पहिल्या रांगेत बसायचो. सर बोलायला उभे राहिले की ती पिशवीतून डबी काढून मांडीवर ठेवायची. आणि सर "आमच्या संशोधनात" असं म्हणाले की झाकण लावायची. टक्. एवढंच. सर अडखळायचे, पाणी मागायचे, "वेळेअभावी" म्हणून खाली बसायचे. वर्षानुवर्षं त्या माणसाला तिनं एक भाषण पूर्ण करू दिलं नाही. एकदा मी म्हटलं, "रतन, तुला काय मिळतं गं यातून?" ती म्हणाली, "वायरी जोडून बघती. अजून काटा हालत न्हाय." माझी शेवटची भेट तिच्या घरी झाली तेव्हा बोलणंही तिला जड जात होतं. उशाशी डबी नव्हती म्हणून मी विचारलं. "गौतमला दिली," ती म्हणाली. मग श्वास घेऊन, "तो तंबाखू सोडीना झालाय. निदान डबी तरी घरची असावी..."

शोकसभा कॉलेजच्या त्याच हॉलमध्ये झाली. सरांना दोघांनी धरून आणलं. नव्वदीला टेकलेत, पण आवाज खणखणीत. ते बोलले, आणि रतन पहिल्या रांगेत नव्हती म्हणून पहिल्यांदाच सविस्तर बोलले. उजेड ऐकायचं यंत्र कसं 'आम्ही' बनवलं, रत्नमाला 'मदतीला' कशी असायची, दुष्काळात वस्तीला उन्हावरचं पाणी कसं दिलं... मी खुर्चीचा दांडा धरून बसले होते. समोर तिचा फोटो, हार, मेणबत्ती. उठून ओरडावं तर शोकसभा रतनची. तेवढ्यात शेजारी गौतमनं डोळे पुसले आणि त्याचा हात आपसूक खिशात गेला. बावचळलेल्या माणसाचा हात सवयीच्या जागी जातो तसा. त्याला भानही नव्हतं. नखावर चुना घेतला आणि झाकण लावलं.

टक्.

सर थांबले. वाक्य अर्ध्यावर. त्यांनी पहिल्या रांगेकडं पाहिलं, मग फोटोकडं, मग पुन्हा रांगेकडं. कुणीतरी पाण्याचा पेला दिला, तो सांडला. "वेळेअभावी," असं काहीसं पुटपुटून ते बसले. मी रडायला लागले आणि लोकांना वाटलं, मैत्रिणीसाठी रडतेय. ते खरंच होतं, पण अर्धंच.

एवढ्यावर भागलं असतं. पण सभा संपल्यावर सर गौतमपाशी आले. कॉलेजात नवं दालन होतंय, काचेचं कपाट तयार आहे, ती डबी तिथं ठेवायची आहे, खाली पाटी लागेल. पाटीवर कुणाचं नाव, हे मला विचारायची गरज पडली नाही.

गौतम आयुष्यभर कंडक्टर होता, प्रवाशाशी कसं बोलावं ते त्याला येतं. तो नम्रपणे म्हणाला, "सर, ती मोकळी न्हाय. अक्कानं दिली तवा रिकामी व्हती, म्या भरली. आण्णांची हाय, रिकामी बरी दिसत नव्हती."

"अरे, पण ते यंत्र आहे. त्यात चुना काय भरतोस?"

गौतमनं डबी उघडली आणि सरांपुढं धरली. "घ्या की सर. लाजू नका. तुमीच लावलेला हाय आमाला, संपता संपंना झालाय."

मी आजवर पुष्कळ बोलले, पण हे मला सुचलं नसतं. सर काठी टेकत गाडीकडं गेले. मागं वळून पाहिलं नाही.

कपाट तयार आहे असं ऐकते. ते रिकामंच राहील. डबी ज्यांना पाहायची असेल त्यांनी भूमच्या एसटीत बसावं, भीमनगरात गौतमच्या ओट्यावर टेकावं, तिथल्या विहिरीचं पाणी प्यावं आणि मग मागावी. तो दाखवतो. रतननं झाकणाला बसवलेली काच अजून शाबूत आहे, त्यामुळं आत किती चुना उरलाय ते डबी न उघडताच दिसतं. मी परवा पाहून आले, सर. बराच आहे.